भाड्याच्या स्कूटरने ठोकरले, भरपाई कोणाकडून मागावी?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी गोव्यातील कोलव्यात रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माझ्या 61 वर्षांच्या आईला भाड्याची स्कूटर चालवणाऱ्या पर्यटकाने मागून ठोकरले. तिच्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली. पर्यटक आपल्या राज्यात निघून गेला. स्कूटरची पाटी पांढरी, म्हणजे गाडी खाजगी. नोंदणीकृत मालक सांगतो की त्याने ती भाच्याला विकली आहे. भाचा तीस हजार रुपये देऊन स्टॅम्पपेपरवर सही मागतो. आणि खाजगी गाडी भाड्याने दिल्यामुळे आमची जबाबदारी नाही, असे विमा कंपनी म्हणते. – एक वाचक, सासष्टी

उत्तर : ताई, सर्वप्रथम त्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका आणि आईचा अंगठाही उठवू देऊ नका. "पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली" असे लिहून दिलेला कागद पुढे प्रत्येक प्रतिवादी आपल्याविरुद्ध पुढे करील.

पर्यटक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही दाव्यात प्रतिवादी करावे, आणि भाच्यालाही सोडू नये. निष्काळजीपणे गाडी चालवणारा पर्यटक मूळ दोषी आहेच. मालकाने गाडी विकली असली तरी नोंदणी पुस्तकात नाव त्याचेच असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (2018) या निकालात स्पष्ट केले आहे. मामा-भाच्यांनी आपसात काय ठरवले, याचा भार जखमी माणसाने वाहायचा नसतो.

विमा कंपनीचा आक्षेप मात्र हलका नाही. भाड्याच्या दुचाकीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे लागतात. परवान्याशिवाय भाड्याने वापर हा कंपनीला कायद्याने दिलेल्या बचावांपैकी एक आहे. तरीही अमृत पॉल सिंग (2018) प्रकरणात, ट्रकला परवानाच नव्हता तेव्हाही, कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, हाच आदेश कायम राहिला. तुमच्या प्रकरणातही तसा आदेश मागता येईल. तो मिळेलच असे गृहीत धरू नये, म्हणून मालकाच्या व भाच्याच्या मिळकतीची माहिती आताच गोळा करा.

पर्यटकाच्या राज्यात खेटे घालण्याची गरज नाही. कलम 166 नुसार अपघात जिथे झाला किंवा दावेदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी मडगावला. मात्र 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे आणि त्यातले चार तुमच्या हातून गेले आहेत. पोलिसांचा सविस्तर अपघात अहवाल येण्याची वाट पाहत बसू नका.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेक कुटुंबे दुर्लक्ष करतात, ती सांगतो. तुमची आई अबोलीच्या फाती (गजरे) गुंफून विकते, असे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे. माझ्या मते दाव्याचा गाभा तोच आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रात समजा 30 टक्के अपंगत्व लिहून आले, पण जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात पाटी घेऊन तासन्‌तास बसणे तिला आता जमत नसेल, तर तिचा धंदा 30 टक्क्यांनी नव्हे, जवळपास पूर्णच बुडाला. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) या निकालाने नेमके हेच सांगितले आहे की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट एकच नव्हेत. 61 ते 65 वयोगटासाठी वार्षिक नुकसानीला 7 ने गुणतात, त्यामुळे रोजची कमाई सिद्ध करणे फार मोलाचे आहे. पावत्या नसतील, तर तिला फुले पुरवणारा आणि बाजारात तिच्या शेजारी बसणारी बाई यांची साक्ष घ्या, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तिच्या बसण्या-उठण्याबद्दल मुद्दाम विचारून ते लेखी घ्या.