अमेरिकेतल्या ओपिऑइड (अफूसारखी, व्यसन लावणारी वेदनाशामक औषधं) प्रकरणात औषध कंपन्यांनी अब्जावधी डॉलर भरले, पण मालकांपैकी कोणीच तुरुंगात का गेलं नाही?

एक मालक गेला. इन्सिस कंपनीचे संस्थापक जॉन कपूर, मूळचे अमृतसरचे. कॅन्सरच्या वेदनांसाठी असलेला फेंटानिल या तीव्र ओपिऑइडचा स्प्रे भलत्याच रुग्णांना लिहून द्यावा म्हणून डॉक्टरांना ‘व्याख्यानां’च्या मानधनाच्या नावाखाली लाच दिली जायची, आणि कंपनीतली माणसं विमा कंपन्यांना फोन करून रुग्णाला कॅन्सर असल्याचं खोटं सांगायची. मे 2019 मध्ये बोस्टनच्या ज्युरीने कपूरना दोषी धरलं, पुढे साडेपाच वर्षांची शिक्षा झाली.

तुमचा रोख बहुधा पर्ड्यू फार्मा आणि तिच्या मालकांवर, सॅकलर कुटुंबावर असावा. तिथे लाचेपेक्षा जास्त गाजला तो प्रचार. पर्ड्यूची ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड गोळी 1996 मध्ये बाजारात आली. गोळीतून औषध हळूहळू सुटतं, त्यामुळे गैरवापराची शक्यता कमी होते ‘असं मानलं जातं’, हे वाक्य एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) मंजूर केलेल्या लेबलवरच होतं. चाचणीत सिद्ध झालेलं काही नाही, नुसतं मानलं जातं! शिवाय एमआरच्या (डॉक्टरांना औषधांची माहिती देणाऱ्या कंपनी प्रतिनिधींच्या) ट्रेनिंगमध्ये रक्तातल्या औषधाच्या पातळीचे आलेख वापरले गेले, त्यात साध्या गोळ्यांशी असलेला फरक फुगवलेला होता. मी स्वतः एमआरची नोकरी केली आहे. व्हिज्युअल एडवरच्या (औषधाच्या माहितीच्या चित्रपुस्तिकेतल्या) आलेखाकडे डॉक्टर ओझरती नजर टाकतात, कारण पुढचा पेशंट दारात उभा असतो. अक्षांवरची मापं कोण बघत बसतं? हे ठाऊक असल्यामुळेच मला त्या आलेखांची जास्त चीड येते.

2007 मध्ये पर्ड्यूच्या संलग्न कंपनीने आणि तीन बड्या अधिकाऱ्यांनी व्हर्जिनियात गुन्हा कबूल केला. एकूण 63 कोटी डॉलरच्या वर भरणा झाला. सरकारी वकिलांना त्या अधिकाऱ्यांवर गंभीर गुन्हे लावायचे होते, पण न्याय खात्यातल्या वरिष्ठांनी ते होऊ दिलं नाही. शेवटी किरकोळ कलमं, प्रोबेशन आणि 400 तास समाजसेवा. मालकांवर तर आरोपच नाही. माझ्या मते सगळं तिथेच हुकलं. विक्री चालू राहिली, पुढच्या दहाएक वर्षांत कुटुंबाने कंपनीतून सुमारे 10 अब्ज डॉलर काढून घेतले आणि 2020 मध्ये कंपनीला पुन्हा गुन्हा कबूल करावा लागला.

व्यक्तीवर खटला चालवायचा तर तिला नेमकं काय माहीत होतं आणि तिने कोणता हुकूम दिला, हे सिद्ध करावं लागतं. इथे मधे मंजूर लेबल होतं, प्रिस्क्रिप्शन लिहिणारा डॉक्टर होता, संचालक मंडळ होतं. प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय होती.

2019 मध्ये पर्ड्यूने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा स्वतः दिवाळखोर नसलेल्या सॅकलर कुटुंबालाही दाव्यांपासून कायमचं संरक्षण हवं होतं. जून 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी ते नाकारलं. त्यानंतर 7.4 अब्ज डॉलरची नवी तडजोड झाली. पण ती दिवाणी दाव्यांपुरतीच आहे. फौजदारी खटल्यातून सॅकलर कुटुंबातल्या कोणालाही तिने सूट दिलेली नाही.