‘आशा होती’ म्हणणाऱ्यांच्या वाटेवर

प्रिय लेकी,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पप्पांना जाऊन चार महिने झाले. उपासनेला जातेस, पण गीत सुरू झालं की ओठ मिटतात आणि रात्री प्रार्थनेला बसलं की एक शब्द फुटत नाही, असं लिहिलंयस. शेवटी विचारलंस, “मावशी, माझा विश्वास संपला का गं?”

मला तसं वाटत नाही. का, ते सांगते.

लूकचं शुभवर्तमान काढ, 24वा अध्याय, 13व्या वचनापासून. दिवस पुनरुत्थानाचाच आहे, येशू मरणातून उठला तो. त्याचे दोघं शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघालेत. 11 एक किलोमीटरची वाट. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं लूक सांगतच नाही. वाटेत येशू त्यांना गाठतो, पण त्यांना ओळख पटत नाही. कसल्या गोष्टी चालल्यात, म्हणून तो विचारतो. ती दोघं उदास होऊन जागच्या जागी थांबतात आणि मग घडलं ते सगळं सांगतात. त्यातच म्हणतात, इस्राएलाला सोडवणारा तो हाच, अशी आमची आशा होती.

होती! या एका शब्दावर मी किती वर्षं अडून बसले असेन. बघ ना, कबर रिकामी आहे हे त्यांनी सकाळीच बायकांकडून ऐकलेलं असतं. आनंदाची बातमी कानावर आलेली, तरी पाय उलट्या वाटेला लागलेले. अशा माणसांच्या बरोबरीनं प्रभू चालतो. पुढे तो त्यांना मंदबुद्धीचे म्हणतो, हे खरं. पण आधी स्वतःला सगळं ठाऊक असून त्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतो. तुला “देवाची मर्जी, रडू नये” म्हणणाऱ्यांनी हा अध्याय सावकाश वाचायला हवा.

तुझे काका गेले, तेव्हा माझंही असंच झालं होतं. आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई रोज दिवेलागणीला फडक्यात दोन ज्वारीच्या भाकरी आणि वाटीत पिठलं घेऊन यायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. गार होऊन कडक झालेली भाकरी मोडायच्या, अर्धी माझ्या ताटात, अर्धी स्वतःच्या. एका संध्याकाळी ती मोडल्याचा आवाज ऐकला आणि मला हुंदका फुटला. कितीतरी दिवसांतली ती माझी पहिली प्रार्थना. अम्माऊसच्या त्या दोघांनाही ओळख पटली ती त्यानं भाकर मोडली तेव्हाच. आणि मग, दिवस कलला म्हणून ज्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं, तेच त्याच घटकेला उठून तेवढीच वाट परत चालत गेले.

त्या रात्री यरुशलेमात तो शिष्यांना हातपाय दाखवतो. मरणातून उठलेल्या त्या देहावरही खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. म्हणून पप्पांची उणीव भरून निघेल, असं मी तुला सांगणार नाही. ज्याच्या हातांवर ते व्रण आहेत त्यानं मरणाला हरवलं आणि तुझे पप्पा त्याच्यापाशी आहेत, एवढं सांगते. याच भरवशावर मी जगते आहे.

पंडिता रमाबाईंचं आठवतं ना? दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. केडगावला मुक्ती सदनात त्या हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. 1921 साली एकुलती एक मनोरमा गेली. त्या दुःखातही रमाबाईंनी भाषांतर पुरं केलं आणि एप्रिल 1922 मध्ये डोळे मिटले. त्या दिवसांत त्यांना प्रार्थनेत शब्द सापडत होते की नाही, कुणास ठाऊक. हातातलं काम त्यांनी सोडलं नाही.

तू सध्या एवढंच कर. रात्री हा अध्याय मोठ्यानं वाच, 21व्या वचनाशी थांब आणि तुझी काय ‘आशा होती’ ते प्रभूला सांग. रागानं सांगितलंस तरी चालेल. रविवारी गाता आलं नाही तर गाऊ नकोस. मी खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर असते, माझ्याशेजारी येऊन बस.

आणि आईला सांग, गुरुवारी संध्याकाळी येते आहे. भाकरी मी आणते, तिनं फक्त ठेचा करून ठेवावा.

तुझी,
मावशी