क्लोजर टेबल की ग्राफ डेटाबेस? आधी युनियन तपासा

तुमचा प्रश्न असा: मशीनचे भाग आणि उपभाग वेब ॲपमध्ये ठेवायचेत, एकच भाग अनेक असेंब्लींत येतो, डेटाबेस पोस्टग्रेस आहे, मग क्लोजर टेबल (वरचा भाग आणि त्याखाली कुठल्याही पातळीवर येणारा भाग अशा सगळ्या जोड्या आधीच मांडून ठेवणारं टेबल) करू की निओफोरजे (ग्राफ डेटाबेस) आणू?

दोन्ही नको. भागांचं (म्हणजे नोडचं) एक टेबल आणि एजचं, म्हणजे कुठला भाग कुठल्याखाली लागतो त्या जोडणीचं, एक, झालं. एजच्या टेबलात पॅरेंट आयडी, चाइल्ड आयडी आणि नग. पहिल्या दोघांवर मिळून प्रायमरी की, दोन्ही सारखे नसावेत म्हणून चेक कन्स्ट्रेंट, आणि उलट क्रमाचा (चाइल्ड आधी, पॅरेंट नंतर) वेगळा इंडेक्स. हा शेवटचा इंडेक्स हमखास राहतो. फॉरेन की लावली म्हणून पोस्टग्रेस त्या कॉलमवर आपोआप इंडेक्स करत नाही. मग ‘हा बोल्ट कुठंकुठं लागतो’ असं विचारलं की अख्खं टेबल चाळलं जातं. ओआरएममधून (डेटाबेसच्या ओळी कोडमधले ऑब्जेक्ट करून देणाऱ्या लायब्ररीतून) एकेक नोडची मुलं आणत बसू नका. ४,००० नोड म्हणजे ४,००० फेऱ्या. विथ रिकर्सिव्ह (स्वतःच्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी क्वेरी) पोस्टग्रेसमध्ये २००९ सालच्या ८.४ पासून आहे, ते वापरा.

ते वापरतानाच लोक कुठं फसतात, ते सांगायला हे उत्तर लिहितोय.

भोसरीतल्या एका पंप कारखान्याच्या ॲपमध्ये खरेदीची यादी काढणारी क्वेरी एके दिवशी संपेचना. कुणीतरी हाउसिंगखाली सर्व्हिस किट टाकलं होतं, आणि किटखाली पुन्हा पंपच. त्या रिकर्सिव्ह क्वेरीतलं युनियन ऑल (दर फेरीच्या ओळी काहीही न गाळता जोडत जाणारं) गोल फिरत राहिलं, टेम्प फाइल्सनी डिस्क भरली. टीममधल्या एका ज्येष्ठाने ‘ऑल’ खोडून साधं युनियन ठेवलं. क्वेरी लगेच संपली, सगळे खूश. ‘युनियन लावलं की सुरक्षित’ हा नियमच ठरला. मी तेव्हाही नाही म्हणत होतो.

आता क्वेरीत काय होतं ते बघा. रिकर्सिव्ह भागातून दोनच कॉलम बाहेर येत होते: भाग आणि आतापर्यंतचा गुणाकार झालेला नग. एका पंपात एक बेअरिंग हाउसिंग, त्याला चार एम-८ बोल्ट. त्याच पंपात एक मोटर ब्रॅकेट, त्यालाही चार एम-८ बोल्ट. म्हणजे दोन वाटांनी ‘एम-८, ४’ अशा दोन हुबेहूब ओळी येतात. युनियन हुबेहूब ओळींपैकी एकच ठेवतं. बाहेर बेरीज केली की आठाऐवजी चार. ब्रॅकेटला पाच बोल्ट असते तर बेरीज बरोबर नऊ आली असती, म्हणून तपासणीत काही पंप बरोबर निघायचे, काही चूक. दोष स्टोअरवाल्यांवर गेला.

बरोबर रीत अशी. मोजणीसाठी युनियन ऑलच. आलेली वाट ॲरेमध्ये साठवा, आणि पुढचा भाग त्या ॲरेत आधीच असेल तर तिथं थांबा. पोस्टग्रेस १४ पासून यासाठी सायकल (गोल फिरून त्याच भागावर येणारी वाट) हे कलमच आहे. बेरीज रिकर्सिव्ह भागात करता येत नाही, ती बाहेर. साधं युनियन फक्त नुसते नोड हवे असतील तिथं चालतं, म्हणजे ‘इथून तिथं पोचता येतं का’ एवढंच विचारताना. त्यातही खोलीचा कॉलम घातला की दर फेरीला ओळ वेगळी होते आणि गोल फिरणं पुन्हा सुरू.

आणि मुळात सायकल आत येऊच देऊ नका. ‘अ’खाली ‘ब’ जोडण्याआधी ‘ब’पासून खाली उतरून ‘अ’ सापडतो का पाहा. दोघांनी एकाच वेळी उलटसुलट एज टाकल्या तर दोघांच्याही तपासण्या पास होतात, कारण एकाचं ट्रान्झॅक्शन दुसऱ्याची कमिट न झालेली ओळ बघत नाही. म्हणून तपासणीआधी ट्रान्झॅक्शन संपेपर्यंतचा ॲडव्हायझरी लॉक (ॲपने स्वतः मागून घ्यायचं कुलूप, दुसऱ्याने तेच मागितलं तर तो थांबतो) घ्या.

क्लोजर टेबलबद्दल: वाचन प्रचंड आणि बदल क्वचित असेल तर करा. पण एज काढताना तीच जोडी दुसऱ्या वाटेनेही जोडलेली असू शकते, तेव्हा वाटांची संख्या ठेवावी लागते, नाहीतर टेबल नव्याने भरायचं. आणखी एक, युनियन ऑल प्रत्येक वाट चालतं: एकाखाली एक २० टप्पे, प्रत्येकात दोन-दोन वाटा, तर तळाच्या एका भागासाठी १०,४८,५७६ ओळी. असला ग्राफ असेल तर नोड वरून खाली क्रमाने लावून नग ॲपमध्येच मोजा. निओफोरजे घेतलं तरी सगळ्या वाटा मोजायच्या असतील तर त्या तेवढ्याच राहतात.

राहिला तो ‘युनियन सुरक्षित’वाला नियम. त्या दिवशी क्वेरी संपली, कारण सायकलमधल्या प्रत्येक एजवर नग १ होता, त्यामुळे ‘पंप, १’ ही ओळ दुसऱ्यांदा आली तशी गळली. त्यातल्या एकाच एजवर नग २ करून चालवून बघा. पंप १, २, ४, ८ असा वाढत जातो, कुठलीच ओळ गळत नाही, आणि नग इंटिजर असेल तर २,१४,७४,८३,६४७ ओलांडताना क्वेरी एरर देऊन थांबते. न्यूमेरिक असेल तर चहा पिऊन या, तरी चालूच असेल.