अल्फ्रेडो, चक्का आणि क्रीटची भाजी: तुमचे प्रश्न

मागच्या वेळी मेडिटरेनियन डाएटचा, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांतल्या पारंपरिक जेवणाचा, जाता जाता उल्लेख केला तर त्यावरच इतके प्रश्न आले की यावेळी दुसरं काही घेतच नाहीये. एकसारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत.

प्रश्न (डॅलस): ताई, ह्यांना डॉक्टरांनी मेडिटरेनियन डाएट करायला सांगितलंय. आम्ही तसंही दर शनिवारी इटालियन खायला जातो, हे अल्फ्रेडो पास्ता घेतात, मी चिकन पार्मेजान, सोबत सॅलड आणि गार्लिक ब्रेड. म्हणजे आठवड्यातला एक दिवस तरी होतोच ना?

उत्तर: नाही हो, तो दिवस धरू नका. शनिवारी मजा करा, पण त्याला डाएट म्हणू नका.

अल्फ्रेडोचं मूळ खूप साधं आहे. रोममध्ये आल्फ्रेडो दि लेलिओ नावाचा एक हॉटेलवाला होता, त्याचा पास्ता म्हणजे नुसतं लोणी आणि पार्मेजान चीज. बाळंतीण बायकोला काही जाईना म्हणून त्याने तो केला होता असं सांगतात, म्हणजे आपला मऊ भात-तूप-मीठ समजा. १९२० मध्ये हॉलिवूडचे डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड हनिमूनला रोमला गेले, त्यांना तो आवडला आणि त्याचं नाव अमेरिकेत पोचलं. इथे आल्यावर त्यात क्रीम शिरलं, मग चिकन, मग कोलंबी, आणि प्लेट आली ती दोघांना पुरेल एवढी. आज इटलीत कोणाकडे अल्फ्रेडो मागितला तर बहुतेक लोक तुमच्या तोंडाकडे बघत बसतील.

चिकन पार्मेजानचंही तसंच. दक्षिण इटलीत हा वांग्याचा पदार्थ, वांग्याचे काप तळून टोमॅटो आणि चीजचे थर. साधारण १८८० ते १९२० या काळात चाळीसेक लाख इटालियन अमेरिकेत आले, त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे, गरीब, घरी मटण दिसायचं ते सणावारी. इथे मांस स्वस्त. मग वांग्याच्या जागी चिकन आलं, बोराएवढे मांसाचे गोळे लिंबाएवढे झाले आणि स्पॅगेटीच्या डोक्यावर जाऊन बसले. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही, ज्याने वर्षातून चारदा मटण पाहिलंय तो हातात पैसे आल्यावर काय कोबी खाणार? फक्त झालं असं की सणाचं जेवण रोजचं झालं. उद्या कोणी आपल्याकडची पुरणपोळी रोज दोन्ही वेळा खाऊन म्हणालं मी महाराष्ट्रीयन डाएटवर आहे, तर तुम्ही काय म्हणाल, तसंच हे.

प्रश्न (पुणे): मग हे डाएट नक्की कोणाचं? इटलीचं, ग्रीसचं की अमेरिकेचं?

उत्तर: जेवण तिकडचं, नाव आणि तक्ते बऱ्यापैकी अमेरिकन. मिनेसोटा विद्यापीठातले अ‍ॅन्सेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांत हृदयविकाराचा अभ्यास सुरू केला, त्यात अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या माणसांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात कमी निघालं आणि गंमत म्हणजे ती माणसं फॅट भरपूर खात होती, जवळजवळ ४० टक्के कॅलरी फॅटमधून, पण ते बहुतेक सगळं ऑलिव्ह ऑइल. कीज स्वतः नंतर इटलीतल्या पिओप्पी नावाच्या मासेमारांच्या गावात घर करून राहिले आणि २००४ मध्ये शंभरी गाठूनच गेले. काय किती खावं ते दाखवणारा मेडिटरेनियन डाएटचा जो पिरॅमिड आपण बघतो तो १९९३ मध्ये हार्वर्ड आणि ओल्डवेज नावाच्या अमेरिकन संस्थेने बनवला. युनेस्कोच्या वारसा यादीत हे जेवण आलं ते त्यानंतर, २०१० मध्ये.

आता जे पिरॅमिडमध्ये नीट दिसत नाही ते सांगते. महायुद्धानंतर लगेच, १९४८ मध्ये, रॉकफेलर फाउंडेशनने क्रीटमध्ये लोक काय खातात ते बघायला माणसं पाठवली होती. ब्रेड, कडधान्यं, रानभाज्या, फळं, ऑलिव्ह, मटण अगदी कधीतरी. आणि त्या लोकांना विचारलं की जेवणात काय सुधारायला हवं, तर बहुतेकांनी सांगितलं, मटण हवं! म्हणजे जगाला आदर्श वाटलेलं ते ताट ज्यांच्यासमोर होतं त्यांना ते पुरत नव्हतं. शिवाय ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचे उपास असतात, मांस-दूध-अंडी बंद, आणि धार्मिक माणसाचे असे दिवस मोजले तर वर्षाचे सहा महिने होतात. आपल्या चातुर्मासाला मागे टाकतील. रानभाज्यांना ते 'होर्ता' म्हणतात, उकडायच्या, वर तेल आणि लिंबू. घोळ, तांदुळजा, शेवग्याचा पाला खाणाऱ्या घरात हे काही नवीन नाही.

अमेरिकेत या सगळ्यातलं काय उचललं गेलं तर बाटलीत आणि डब्यात भरून विकता येतं ते. तेल आलं, हमस, म्हणजे काबुली चण्याची चटणी, आलं (चॉकलेट हमससुद्धा मिळतं, मी एकदा खाल्लं, परत नाही), पण उकडलेला पाला आणि उपास कोण विकणार?

प्रश्न (न्यू जर्सी): ग्रीक योगर्ट म्हणजे आपला चक्काच ना? मग एवढे पैसे कशाला?

उत्तर: हो, चक्काच, जरा सैल. दह्यातलं पाणी काढलं की प्रोटीन साध्या दह्याच्या जवळपास दुप्पट होतं, एवढंच शास्त्र. अमेरिकेत याची लाट आणली ती तुर्कस्तानातून आलेल्या हमदी उलुकाया या कुर्दी माणसाने, २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातली एक बंद पडलेली फॅक्टरी घेतली, २००७ मध्ये चोबानी नावाचं ग्रीक योगर्ट बाजारात आणलं. तुर्कस्तानचा माणूस, अमेरिकन दूध, नाव ग्रीक. इंग्लंडमध्ये मात्र कोर्टाने सांगितलं की ग्रीसमध्ये न केलेल्याला ग्रीक योगर्ट म्हणायचं नाही. तुम्ही रात्री मलमलच्या फडक्यात दही टांगून ठेवा, पैसे वाचतील. विकतच आणणार असाल तर प्लेन आणा आणि डब्यामागे साखर किती लिहिलीय ते वाचा, स्ट्रॉबेरीवालं म्हणजे श्रीखंडाचाच भाऊ.

प्रश्न (कोल्हापूर): ऑलिव्ह ऑइलची फोडणी चालते का? मुलगा अमेरिकेहून बाटल्या आणतो, आम्ही रोज एक चमचा सॅलडवर घालतो.

उत्तर: फोडणी चालते, घरच्या आचेवर एक्स्ट्रा व्हर्जिन काही जळून जात नाही, धूर निघेपर्यंत कुठलंच तेल तापवू नये. पण खरं सांगू का, पिठल्याला त्याचा वास मला सहन होत नाही.

तुमच्या प्रश्नातली मला खटकलेली गोष्ट दुसरीच आहे, सॅलडवर *वरून* एक चमचा. रोजचं तेल आहे तेवढंच आणि त्यावर हे? टेबलस्पूनभर तेलात १२० कॅलरी असतात, मग ते ऑलिव्हचं असो नाहीतर घाण्याचं, आणि बाटलीवर 'लाइट' लिहिलं असलं तरी तेवढ्याच, तिथे लाइट म्हणजे रंग आणि चव. स्पेनमध्ये सात हजारांवर लोकांचा प्रेडिमेड नावाचा मोठा प्रयोग झाला, २०१३ मध्ये छापला, मग गट पाडताना चुका झाल्याचं कळल्यावर मागे घेऊन २०१८ मध्ये परत हिशेब करून छापला, निष्कर्ष साधारण तोच राहिला, मेडिटरेनियन डाएट करणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे तीसेक टक्के कमी. पण त्या लोकांचं घरातलं मुख्य तेलच ते होतं आणि ताटही तिथलंच. तुमचं शेंगदाणा तेल वाईट नाही, त्यातही ऑलिव्हसारखं मोनोअनसॅच्युरेटेड (हृदयाला बरं समजलं जाणारं) फॅट बऱ्यापैकी असतं. मुलाला सांगा बाटल्यांऐवजी अक्रोड आण.

प्रश्न (नाशिक): आणि रेड वाइन? आमच्याकडे तर दारातच आहे.

उत्तर: पीत नसाल तर तब्येतीसाठी म्हणून सुरू करू नका. अल्कोहोलचं सुरक्षित असं प्रमाणच नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय. दारातली द्राक्षं खा.

प्रश्न (सिअ‍ॅटल): अमेरिकन लोक सगळ्यांच्याच जेवणाची वाट लावतात असं नाही वाटत? 'चाय टी' ऐकलं की डोकं फिरतं.

उत्तर: माझंही फिरतं. पण मग मंचुरियनचं काय करायचं, ते मुंबईत जन्मलं आणि चीनमध्ये कोणाला माहीत नाही. आणि एकादशीला आपण खिचडी करतो ना, त्यातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, मिरची, शेंगदाणा, सगळे मुळात अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांमुळे वगैरे आपल्याकडे पोचलेले, आणि आपण ते उपासाला चालवतो. तेव्हा जरा जपूनच बोलूया.

प्रश्न (ठाणे): खरं ग्रीक सॅलड कसं करतात? फेटा चीज नसेल तर पनीर?

उत्तर: पहिली गोष्ट, लेट्युसचं पान नाही, ते अमेरिकेत घुसलं. टोमॅटो, काकडी, कांदा यांच्या मोठ्या फोडी, थोडी सिमला मिरची, ऑलिव्ह, वर फेट्याची अख्खी वडी, ओरेगॅनो आणि सढळ हाताने तेल (इथे ऑलिव्ह ऑइलच, कोल्हापूरवाल्यांनी मुलाने आणलेल्या बाटल्या इथे वापराव्यात). फेटा मेंढीच्या दुधाचा, थोडं शेळीचं चालतं, आणि मिठाच्या पाण्यात मुरलेला असतो, म्हणून नुसतं पनीर घातलं तर मिळमिळीत लागतं. पनीरची वडी रात्रभर खारट पाण्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि वर लिंबू पिळा, फेटा नाही होणार पण खाववेल. तळाशी जो टोमॅटोचा रस आणि तेल उरतं ते टाकायचं नाही, ब्रेडने पुसून खायचं, तिकडे त्याला 'पापारा' म्हणतात. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीने पुसतात, वाडगाही पुसला जातो.