पॅकेजच्या आधी सकाळची तपासणी

फोंड्याच्या एका २९ वर्षांच्या वाचकाने लिहिलं आहे: वेर्ण्याच्या औषध कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. वर्षभर थकवा आहे, कामेच्छाही कमी झाली आहे. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) २६८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं. एका क्लिनिकने वर्षाचं ९६,००० रुपयांचं इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलंय, महिना ८,००० हप्ता. डिसेंबरात लग्न आहे, त्यासाठी १,८०,००० ची एफडी ठेवलीय. ती मोडू, हप्ते घेऊ, की एजंट म्हणतो तशी ओपीडीवाली (दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च देणारी) पॉलिसी काढून क्लेम करू? एजंटचा सल्ला असा की, रिपोर्टचा उल्लेख फॉर्ममध्ये नको.

नमस्कार. एफडीला हात लावू नका, हप्त्याच्या कागदावर सही करू नका. आणि एजंटचं ते शेवटचं वाक्य डोक्यातून काढून टाका.

रिपोर्टचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. त्याच्या वरच्या कोपऱ्यात नमुना घेतल्याची वेळ छापली आहे: दुपारी ४.४०. तुम्हीच लिहिलंय की त्या आठवड्यात तुमची रातपाळी होती. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतं, दिवस चढतो तसं उतरतं, आणि झोप मोडली की त्याचाही परिणाम होतो. म्हणूनच दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी, शक्यतो उपाशीपोटी केलेल्या तपासण्या कमी आल्या आणि सोबत लक्षणंही असली, तरच निदान करतात. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशन ३०० च्या खालचा आकडा कमी धरते. तुमच्याकडे एकच आकडा आहे, तोही रातपाळीच्या आठवड्यातला, दुपारचा. त्यावर ९६,००० लावायचे नाहीत.

दुसऱ्यांदाही कमी आलं, तर एलएच आणि प्रोलॅक्टिन ही पिट्युटरीची हार्मोन्स पाहून दोष वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, हे डॉक्टर ठरवतात. वाढलेलं वजन, झोपेत श्वास अडकणं, जिममध्ये कुणी दिलेली स्टेरॉइड, अशीही कारणं निघतात. त्यांचा इलाज वेगळा, खर्चही वेगळा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हार्मोनच्या विकारांची ओपीडी आहे, तिथे दाखवा.

आता ज्यामुळे मला तुमची खरी काळजी वाटते ते सांगतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं आणि शुक्राणूंची निर्मितीही दबते, कधी पार थांबते. लग्न तोंडावर आहे, मूल हवंय असंही तुम्ही लिहिलंय. हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. अशा पुरुषांसाठी ते बहुधा वेगळी औषधं निवडतात. क्लिनिकने तुम्हाला हे विचारलंच नाही, याचा मला राग आला. शिवाय इंजेक्शन थांबवल्यावर शरीर पूर्ववत व्हायला महिने लागू शकतात, त्यामुळे माणसं ती चालूच ठेवतात. म्हणजे हा खर्च एका वर्षाचा धरून चालणार नाही. याच दराने दहा वर्षांचे ९,६०,००० होतात, रक्ताच्या नियमित तपासण्या वेगळ्या. आणि हप्ता म्हणजे तुमच्या नावावरचं कर्ज. इलाज मध्येच सोडलात तरी हप्ता सुटत नाही.

विम्याचं बोलू. आपल्याकडचा मेडिक्लेम मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावरचा. दर काही आठवड्यांनी घ्यायची सुई त्यात बसत नाही. वंध्यत्वाचे उपचारही बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घरात असेल तर ते जपून ठेवा, पण त्याचाही उपयोग यादीतल्या उपचारांसाठी. एजंटने दाखवलेल्या पॉलिसीत ओपीडीसाठी ६,५०० रुपये जादा आहेत आणि वर्षाची मर्यादा १०,०००. सगळं मंजूर झालं तरी हाती ३,५०० चा फायदा, तोही आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, संपल्यावर. ही प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षांची असू शकते.

रिपोर्ट लपवलात तर? पहिली ५ वर्षं कंपनी लपवाछपवीवर बोट ठेवून क्लेम नाकारू शकते, फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही. उद्या पिट्युटरीत गाठ निघाली आणि ऑपरेशन करावं लागलं, तर तो खर्च मात्र मेडिक्लेमचाच. नेमका तोच क्लेम बुडेल. म्हणून ओपीडी वगळून साधी वैयक्तिक पॉलिसी घ्या आणि रिपोर्ट फॉर्ममध्ये तारखेसह लिहा. विम्याचा हप्ता थोडा वाढेल किंवा प्रतीक्षा लागेल, ते चालेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढी बचत आहेच. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी आणि तपासण्यांचे पैसे मिळतात का, हे एचआरला विचारा. अनेक ग्रुप पॉलिसींत जुन्या आजाराचाही खर्च पहिल्या दिवसापासून मिळतो.

तपासण्या आणि डॉक्टरांची फी या महिन्याच्या पगारातून भागवा. होणाऱ्या पत्नीशीही बोला, पुढचं आर्थिक नियोजन दोघांचं आहे. दिवसपाळीचा आठवडा कधी आहे ते पाहून सकाळच्या तपासणीची तारीख आजच ठरवा. दोन्ही रिपोर्ट आले की मला पाठवा, मग खर्चाचा हिशेब नव्याने मांडू.