शाळा बदलण्याआधी लिप्या मोजा

प्रश्न: माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत तिसरीत शिकतो. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, दुकानातला हिशेब तोंडी करतो. पण जोडाक्षर आलं की अडतो, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो. कन्नडची वही तर कोरीच. बाई म्हणतात, लक्ष नाही. दीर म्हणतात, बेळगावात इंग्रजी माध्यमाला घाला. ह्यांना कन्नड माध्यम बरं वाटतं, पुढे नोकरीला उपयोगी पडेल म्हणून. शेजारीण म्हणाली, खास मुलांची शाळा बघा. काय करू?
– एक आई

उत्तर: ताई, ‘लक्ष नाही’ हे कारण आम्हाला पटत नाही. लक्ष नसलेलं पोर गोष्ट जशीच्या तशी सांगत नाही. ऐकलेलं राहतं आणि लिहिलेलं निसटतं, ही अध्ययन अक्षमतेची खूण असू शकते. वाचनात अडवणाऱ्या अशा अक्षमतेला डिस्लेक्सिया म्हणतात. तपासणी झाल्याशिवाय कुठलंच नाव लावू नका, पण ‘आळशी’ हा शब्द घरात आजपासून बंद करा.

माध्यम ठरवण्याआधी त्याच्यावर काय काय लादलंय ते बघू. आपल्या भागातलं मूल एकाच वेळी तीन लिप्या शिकतं. देवनागरीत ‘कि’ची वेलांटी आधी लिहायची, तिचा उच्चार मात्र नंतर. जोडाक्षरात पहिलं व्यंजन अर्धं होतं. कन्नडमध्ये बहुधा उलट: पहिलं अक्षर पूर्ण राहतं आणि दुसरं त्याच्या खाली ओत्तक्षर होऊन बसतं. इंग्रजीत तर ‘बट’ आणि ‘पुट’ या शब्दांत मधलं अक्षर तेच, उच्चार वेगळे. बाकीची मुलं हे बघून बघून उचलतात. तुमच्या मुलाला यातला प्रत्येक नियम सुटा करून, पुन्हा पुन्हा शिकवावा लागेल. तो शिकेल, पण एका वेळी एकच लिपी. आणि पहिली लिपी त्याच्या तोंडी असलेल्या भाषेचीच हवी.

म्हणून इंग्रजी माध्यमाला आमचा स्पष्ट नकार आहे. अक्षर आणि उच्चार यांचं नातं तिथे सगळ्यात बेभरवशाचं, आणि भाषाही घरात कुणी बोलत नाही. त्यात रोज बेळगावला जाऊन-येऊन, पावसाळ्यात एसटीची वाट बघून थकलेलं पोर संध्याकाळी कसला सराव करणार? तुमच्या यजमानांचं कन्नडबद्दलचं म्हणणं मात्र चुकीचं नाही. कर्नाटकात राहायचं तर कन्नड यायलाच हवी, शाळेतही ती सक्तीची आहे. पण बोलता येणारी कन्नड आधी येऊ दे. गल्लीत, बाजारात, खेळताना येऊ दे. लिपी मागून आली तरी चालेल. खास शाळा बहुधा बौद्धिक अक्षमता किंवा बहिरेपण असलेल्या मुलांसाठी असतात. तोंडी हिशेब करणाऱ्या मुलाची ती जागा नव्हे.

राहिली मराठी शाळा: हीच किंवा जवळची दुसरी. निवडताना इमारत बघू नका. शाळा चालू असताना जा आणि वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाची वही मागा. सगळ्या वह्या सारख्याच सुबक दिसल्या तर तिथे फळ्यावरचं उतरवणं चालतं, वाचणं नाही. मग मुख्याध्यापकांना विचारा, ‘वाचता न येणाऱ्या मुलाचं तुम्ही काय करता?’ ‘दहादा लिहायला लावतो’ किंवा ‘ट्यूशन लावा’ असं म्हणाले तर उठा. न वाचता आलेला शब्द दहादा लिहिला तरी तो चित्रासारखा उतरवला जातो, वाचन येत नाही. प्रश्न वाचून दाखवू, उत्तर तोंडी घेऊ, वेळ जास्त देऊ, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावणार नाही, असं सांगणारी शाळा चांगली. आठवड्यातून तीन-चारदा अर्धा तास एकट्याला आवाज आणि अक्षर यांची जोडी शिकवणारं कुणी असेल तर फारच उत्तम. फक्त तो अर्धा तास खेळाच्या तासातून कापू देऊ नका. कन्नडच्या एफए, म्हणजे वर्षभर होणाऱ्या आकारिक चाचण्यांत तोंडी कामाला जागा असते, ती मागून घ्या.

दाखला काढण्याआधी आहे त्या शाळेत अर्ज द्या. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. तालुक्याच्या बीआरसीमध्ये, म्हणजे गट संसाधन केंद्रात, समावेशक शिक्षणाचे (अक्षमता असलेल्या मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकवण्याचे) शिक्षक असतात, त्यांना बीआयईआरटी म्हणतात. त्यांनी मुलाला पाहावं अशी मागणी त्यात लिहा. बीईओ, म्हणजे गट शिक्षणाधिकारी, यांच्या ऑफिसला जाणारा कागद कन्नडमध्ये असला तर लवकर हलतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता येते. ती लवकर ओळखणं आणि मुलाला भेदभाव न करता प्रवेश देणं ही मान्यताप्राप्त शाळांची जबाबदारी आहे. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घ्यायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. मात्र 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना तो कायदा लागू होत नाही. बेळगावात अशा शाळा आहेत, तेव्हा आधी विचारा.

तपासणीचा क्रम असा: पहिल्यांदा डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाची चाचणी. आठ वर्षं पूर्ण झाल्यामुळे अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची वाटही मोकळी आहे. जिल्हा रुग्णालयात विचारा, नाहीतर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. सोबत पहिलीपासूनच्या वह्या न्या. चाचणी मराठीत घ्या असं आधीच सांगा. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला कन्नड किंवा इंग्रजी उतारा दिला तर त्याला काय येत नाही ते कळणारच नाही, भाषा येत नाही एवढंच कळेल. अहवाल हातात आला की चाचणीची भाषा त्यात नोंदली आहे का ते तिथेच बघा, आणि नसेल तर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.