‘पोटात’ म्हणजे नेमकं कुठे?

एका भाषांतरकार ताईंनी विचारलं आहे : कॅन्सरच्या रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात ‘पेरिटोनियम’ला, म्हणजे पोटाच्या आतल्या पातळ पडद्याला, काय म्हणावं? आणि ‘पोटात पसरलेल्या कॅन्सरवर पोटात देण्याची प्रतिकारशक्तिवर्धक औषधं’ हे शीर्षक चालेल का?

शब्द दोन आहेत, पर्युदर आणि उदरावरण. पर्युदर म्हणजे परि + उदर. देखणा शब्द, पण पत्रकात मी उदरावरणच लिहीन, वाचताक्षणी कळतं. ग्रीक मूळ मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘पेरि’ म्हणजे भोवती, ‘तेइनेइन’ म्हणजे ताणणे. आपला ‘परि’ आणि ‘तन्’ धातू ही त्यांचीच भावंडं, आणि ‘ताण’ त्याच घरातला. पोटाच्या भिंतीला आतून लागलेला, आतड्यांवरूनही गेलेला हा पातळ पडदा खरोखरच भोवती ताणून बसवल्यासारखा असतो.

शीर्षक नको. मराठीत जठर म्हणजेही पोट आणि छातीखालचा सगळा भाग म्हणजेही पोट. इथे अंडाशयातून, मोठ्या आतड्यातून किंवा जठरातून सुटलेल्या पेशी उदरावरणावर रुजलेल्या असतात. ‘पोटाचा कॅन्सर’ म्हटलं की घरचे जठराचा समजून बसतात.

‘पोटात देणे’ तर धोक्याचंच. ‘हे पोटात घ्यायचं, हे वरून लावायचं’ असं आपण रोज म्हणतो. पोटात घेणे म्हणजे गिळणे. आता कॅटुमॅक्सोमॅब हे औषध पाहा. कॅन्सरमुळे झालेल्या जलोदरासाठी, म्हणजे पोटात पाणी साचतं त्यासाठी, युरोपात २००९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याचं एक टोक कर्कपेशीला धरतं, दुसरं टी-पेशीला (रक्तातली लढाऊ प्रतिकार-पेशी), आणि दोघींची जागेवरच गाठ घालून देतं. ते नळीवाटे थेट उदरपोकळीत सोडतात. म्हणून लिहायचं ‘उदरपोकळीत सोडणे’. उदरपोकळी शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे, कुणाला अडणार नाही.

राहिलं ‘प्रतिकारशक्तिवर्धक’. हे वाचून माणसाला काढा आणि च्यवनप्राश आठवणार. जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते शक्ती वाढवण्यासाठी नव्हे. टी-पेशींना लागलेला ब्रेक सोडवून त्यांना कॅन्सरवर सोडता येतं, हे दाखवल्याबद्दल. पत्रकात हे समजावताना मराठीत सरळ ‘अडसर काढणे’ म्हणा. दाराचा अडसर निघाला की नको तेही आत शिरतं, आणि इथेही तसंच होतं : मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी कधी स्वतःच्याच आतड्यावर उलटतात. ‘वर्धक’ वाचलेला रुग्ण जुलाब लागले तर काहीतरी बाधलं म्हणून घरी बसेल. अडसर काढलाय हे ठाऊक असलेला त्याच दिवशी दवाखान्यात फोन करेल.

तेव्हा शीर्षक असं करा : ‘उदरावरणावर पसरलेला कॅन्सर : उदरपोकळीत सोडायची इम्युनोथेरपी’. ‘इम्युनोथेरपी’, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीकडूनच कॅन्सरशी लढवून घेणारे उपचार, हा शब्द बदलू नका. ओपीडीत डॉक्टरांच्या तोंडून रुग्णाला तोच शब्द ऐकू येणार आहे.